बेकाराची हजेरी

काम करणाऱ्या माणसाने हजेरी द्यावी, हे कोणालाही पटण्यासारखे आहे. नाव मस्टरवर चढले की रोज मिळतो, न चढले तर खाडा पडतो. गिरणी असो, गोदी असो, नाही तर सरकारी कचेरी असो, हा हिशेब सगळीकडे सारखाच. परंतु ज्याच्या हाताला कामच नाही आणि म्हणूनच ज्याला सरकारने किंवा मालकाने थोडाबहुत भत्ता देऊ केला आहे, त्याच्याकडूनही हजेरी मागितली जाते. पुष्कळदा ती कामावरच्या माणसाच्या हजेरीपेक्षाही कडक असते. ही हजेरी कशासाठी? ती कोठवर रास्त असते आणि कोठून पुढे तिचा जाच होऊ लागतो? आजच्या लेखात आम्ही एवढेच समजावून सांगणार आहोत. आमचे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीतच जास्त झाले. कलमे वाचायची, ती गेटवर कशी वापरली जातात ते पाहायचे, आणि मग पुन्हा वाचायची, ही आमची पद्धत. तेव्हा विवेचनात शास्त्रीय टापटीप थोडी कमी आढळली तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

या प्रथेचे मूळ पाहायचे तर प्रथम इंग्लंडात जावे लागते, कारण बेकारीचा सक्तीचा विमा सबंध राष्ट्राच्या कायद्याने पहिल्यांदा तेथे सुरू झाला. १९१० साली तेथे सरकारी कामगार विनिमय केंद्रे उघडली, १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला, आणि १९१३ च्या जानेवारीपासून बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम अशा काही धंद्यांतल्या बेकार कामगारांना आठवड्याला ७ शिलिंग मिळू लागले. एका वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे. त्यासाठी कामगाराने आपले विम्याचे पुस्तक केंद्रात ठेवायचे आणि कामाच्या वेळात तेथे जाऊन सही करायची. यामागचा विचार साधा होता. भरकामाच्या वेळी जो माणूस सही करायला उभा आहे, तो त्याच वेळी दुसऱ्या कारखान्यात पगार घेत नाही हे आपोआप सिद्ध होते. शिवाय एखाद्या मालकाची मागणी आली तर माणूस समोरच हजर. केंद्र वस्तीत, माणूस त्याच वस्तीतला, आणि कामाची खबर त्याच खिडकीवर येणारी. या तीन गोष्टी जुळत होत्या तोवर सहीचा त्रास फारसा कोणी मानला नाही, आणि आम्हीही तो मानणार नाही.

पण या सहीच्या पोटात एक तिसरा हेतू पहिल्यापासून दडलेला होता. त्याचे वय विम्यापेक्षा पुष्कळ मोठे. १८३४ साली इंग्लंडने गरिबांच्या मदतीचा कायदा बदलला, तेव्हा असे तत्त्व घालून दिले की मदतीवर जगणाऱ्याची स्थिती ही सर्वांत हलके काम करून जगणाऱ्यापेक्षाही वाईट असली पाहिजे, नाही तर लोक काम सोडून मदत घेतील. म्हणून धडधाकट माणसाला मदत हवी तर त्याने घरदार सोडून गरीबखान्यात राहायला यावे. तेथे नवराबायको वेगळी, मुले वेगळी. मदत नाकारायची नाही, फक्त ती इतकी कडू करून ठेवायची की माणसाने स्वतःच ती नको म्हणावे. गरीबखाने गेले, पण ही युक्ती गेली नाही. तिने हजेरीचा वेष घेतला.

१९२१ साली तेथे बेकारी भयंकर वाढली, आणि त्याच वर्षी कायद्यात एक अट आली. भत्ता मागणाऱ्याने आपण मनापासून काम शोधतो आहोत हे सिद्ध केले पाहिजे. काम आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी केंद्राची होती, ती आता बेकाराच्या डोक्यावर आली. खाणी बंद, गोद्या बंद, हे अधिकाऱ्यालाही ठाऊक आणि कामगारालाही ठाऊक. तरीदेखील माणसे या दरवाजावरून त्या दरवाजावर हेलपाटे घालीत राहिली, कारण उद्या खिडकीवर विचारले तर चार ठिकाणांची नावे सांगता आली पाहिजेत. जोडे झिजवल्याचा पुरावा हाच भत्त्याचा हक्क ठरला. ही अट १९३० साली मजूर पक्षाच्या सरकारने काढली. तोवर लाखो अर्ज तिच्या नावाने फेटाळले गेले होते.

पुढे सही विरळ होत होत पंधरवड्यातून एकदा अशी रूढ झाली. मग आमच्याच काळात काटा उलटा फिरला. २०१२ च्या ऑक्टोबरपासून अटी मोडणाऱ्याचा भत्ता रोखण्याचे नियम कडक झाले आणि सर्वांत मोठी शिक्षा तीन वर्षांची ठेवली गेली. तीन वर्षे भत्ता बंद! चोरीलाही इतकी शिक्षा दर वेळी होत नाही. ती कमाल मर्यादा २०१९ साली सहा महिन्यांवर आणली गेली. २०१४ च्या एप्रिलमध्ये आणखी एक योजना आली. दोन वर्षांच्या सरकारी कार्यक्रमातून जाऊनही ज्याला काम मिळाले नाही त्याच्यापुढे तीन वाटा ठेवल्या: सहा महिने सक्तीचे बिनपगारी समाजकार्य, किंवा कसून प्रशिक्षण, किंवा रोजच्या रोज केंद्रात हजेरी. कोणती वाट घ्यायची हे ठरवणार अधिकारी. आता पाहा, दोन वर्षांत ज्या केंद्राला या माणसासाठी काम सापडले नाही, त्याच केंद्रात त्याने दररोज जाऊन उभे राहिल्याने काम कोठून उगवणार? मालकांच्या मागण्या तोवर संगणकावर येऊ लागल्या होत्या, त्या घरी बसूनही दिसत. खिडकी रिकामी झाली होती, तिच्यापुढची रांग तेवढी राहिली होती. आणि २०१७-१८ मध्ये सरकारने खर्च वाचवण्यासाठी कित्येक केंद्रे बंद केली, तेव्हा तीच रांग लोकांच्या घरांपासून आणखी लांब गेली.

यात सरकारचे पैसे वाचत असतील, असे वाटण्याचा संभव आहे. तेथल्या राष्ट्रीय हिशेबतपासणी कार्यालयाने २०१६ च्या नोव्हेंबरात याचा हिशेब मांडला. २०१५ साली शिक्षा म्हणून १३ कोटी २० लाख पौंडांचा भत्ता रोखला गेला. त्यामुळे जे अगदीच अडले त्यांना ३ कोटी ५० लाख पौंड दुसऱ्या खिशातून द्यावे लागले. शिक्षा लावण्याच्या कारभाराला ३ ते ५ कोटी पौंड लागले, आणि लोक अटी पाळतात की नाहीत यावर नजर ठेवण्याला सुमारे २० कोटी. गाळणीला दुधापेक्षा जास्त पैसे मोजावेत असा हा व्यवहार. वाचलेला भत्ता पहारेकऱ्यांच्या पगाराला पुरला नाही.

मग २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाची साथ आली आणि हेच सरकार म्हणाले की तीन महिने कोणी केंद्रात येऊ नका, भत्ता चालू राहील. तो चालू राहिला. हजेरीवाचून भत्ता देता येत नाही, हे आम्ही इतकी वर्षे ऐकत होतो. तो मुद्दा त्या तीन महिन्यांपुरता तरी निकालात निघाला.

इंग्लंडची गोष्ट इतकी सविस्तर सांगण्याचे कारण असे की तेथले राज्यकर्ते हीच युक्ती फार पूर्वी आमच्या मुलखात घेऊन आले होते. १८७६-७७ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात खडी फोडण्याची, तलाव खणण्याची कामे निघाली. ही कामे म्हणजेच त्या वेळचा बेकार भत्ता. सर रिचर्ड टेम्पल यांनी काटकसरीसाठी मजुरीचे धान्य दिवसाला एका पौंडाच्या म्हणजे सुमारे अर्ध्या शेराच्या हिशेबावर आणले, आणि त्याच्या जोडीला अंतराची कसोटी आली. गावाजवळची लहान कामे बंद करायची आणि लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर पाठवायचे. जो खरोखर भुकेला असेल तो चालत येईल, असा तर्क! उपाशी माणसाला आपली भूक चालून दाखवायला सांगायची, याहून क्रूर परीक्षा कोणती? म्हातारे, तान्ह्या पोरांच्या आया, आजारी, हेच तर सर्वांत गरजू, आणि तेच या परीक्षेत नापास होणार. १८७७ च्या आरंभी इलाख्यातल्या मजुरांनी हजारोंच्या संख्येने ही कामे सोडून दिली. त्याला आम्ही आमच्या धंद्याच्या भाषेत संपच म्हणतो. गिरणीतल्या संपांच्या कथा सगळे सांगतात, पण हा उपाशी माणसांचा संप फारसा कोणाच्या ध्यानात नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला लिहिले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्या कामात पुढे होते, आणि ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांची प्रथा घातली तेही त्याच सभेचे.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी केली आणि पुढे २००५ साली देशाचा कायदा झाला, तेव्हा ही अंतराची गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या लक्षात होती असे दिसते. त्या कायद्यात काम घरापासून ५ किलोमीटरच्या आत द्यावे, त्याहून दूर दिले तर १० टक्के जादा मजुरी द्यावी, आणि १५ दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता द्यावा, असे लिहिले होते. जायचे अंतर कोणी सोसायचे, याचे उत्तर येथे नीट दिले होते. पण १ जानेवारी २०२३ पासून त्याच कामांवर मोबाइलवरून दिवसातून दोनदा फोटो काढून हजेरी लावण्याची सक्ती झाली. सकाळचे काम उरकून बाई घरी गेली तरी दुसऱ्या फोटोसाठी तिने परत यायचे, आणि रेंज नसेल तर मजुरी बुडण्याची धास्ती. खोट्या हजेऱ्या रोखण्यासाठी हे केले असे सांगण्यात आले. खोटी हजेरी लावणारा मुकादम बहुधा फोटोतही खोटे घालतो. हेलपाटा पडतो तो खरी हजेरी देणाऱ्याला.

आता आमच्या रोजच्या कामातला विषय. ज्याला कारखान्यात ले-ऑफ म्हणतात तो. कच्चा माल नाही, वीज नाही, मागणी नाही, म्हणून मालक काम देऊ शकत नाही. पण कामगाराला काढूनही टाकीत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती होऊन अशा कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळू लागली. तो कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तरी निम्म्या भरपाईचे हे तत्त्व आणि त्याबरोबरची हजेरीची अट तिच्यातही आली आहे. अट अशी की कामगाराने दिवसातून निदान एकदा, नेहमीच्या कामाच्या वेळात, नेमून दिलेल्या वेळी कारखान्यात हजर झाले पाहिजे. न झाल्यास त्या दिवसाची भरपाई नाही.

ही अट वाचायला निरुपद्रवी वाटते. तिचा हिशेब करून पाहू. समजा, कामगाराचा रोज ६०० रुपये आहे. ले-ऑफचे मिळणार ३००. तो राहतो २५ किलोमीटरवरच्या गावात, कारण कारखान्याजवळची खोली परवडत नाही. ले-ऑफ लागला की कंपनीची बस बहुतेक ठिकाणी पहिली बंद होते. एसटी आणि पुढे रिक्षा मिळून जाण्यायेण्याचे १२० रुपये. हातात राहिले १८०. गेटवर काम दहा मिनिटांचे: नाव सांगा, सही करा, चला. पण त्या दहा मिनिटांसाठी घरून पाचला निघायचे आणि परत पोचेपर्यंत अकरा वाजायचे. मग त्या दिवशी दुसरीकडे रोजावर जाण्याची वेळ टळलेली असते. म्हणजे निम्मा पगार म्हणून जो दिला, त्यातला दोन पंचमांश प्रवासाने खाल्ला आणि उरलेला अर्धा दिवस हजेरीने खाल्ला. आणि महिना अखेरीला कित्येक जण म्हणतात, आम्हाला ते तीनशे नकोतच. अशी माणसे गळतात तेव्हा मालकाची भरपाई वाचते. १८७७ ची अंतराची कसोटी औद्योगिक वसाहतीच्या गेटवर अशी पुन्हा उभी राहते, आणि कोणी मुद्दाम उभी केली असे म्हणायलाही जागा नसते.

गंमत अशी की अंतराचा विचार या कायद्याला सुचला नव्हता असे नाही. ले-ऑफमधल्या कामगाराला मालकाने आपल्या दुसऱ्या कारखान्यात पर्यायी काम देऊ केले, तर ते पाच मैलांच्या आत असेल तरच त्याने ते घेतले पाहिजे, अशी मर्यादा १९५३ च्या दुरुस्तीतच होती. कामावर जायला पाच मैलांची मर्यादा, पण कामाविना सही करायला जाण्याला काही मर्यादा नाही.

वेळेचाही विचार त्या कायद्याने केला होता. ते कलम आम्ही प्रथम वाचले तेव्हा खरे वाटेना म्हणून पुन्हा वाचले. हजर झालेल्या कामगाराला दोन तासांत काम दिले नाही तर तो त्या दिवसापुरता ले-ऑफवर गेला असे समजायचे. परंतु त्याला पाळीच्या सुरुवातीला परत पाठवून ‘उत्तरार्धात ये’ असे सांगितले, आणि तो आल्यावरही काम दिले नाही, तर त्या उत्तरार्धाची निम्मी नव्हे, पूर्ण मजुरी द्यायची. याचा अर्थ काय? दुसऱ्यांदा बोलावलेत, आता त्याचा वेळ तुमचा झाला, आणि वापरलेल्या वेळेचे पूर्ण दाम द्या. बेकार माणसाचा वेळ फुकट नसतो हे तत्त्व येथे कायद्यानेच मान्य केले आहे. आमचे म्हणणे एवढेच की जे दुसऱ्या हेलपाट्याला लागू ते पहिल्या हेलपाट्याला का नाही?

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण दिले पाहिजे, नाही तर हजेरी म्हणजे सदा जाचच असा समज होईल. मुंबईच्या गिरण्यांत १९३५ पासून बदली कामगारांना दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कार्डे देण्याची पद्धत आली. कार्डवाल्याने रोज सकाळी गिरणीवर यायचे आणि कोणाचा खाडा पडला तर त्या सांच्यावर उभे राहायचे. त्यापूर्वी जॉबरच्या मर्जीने आणि त्याच्या हातावर काही ठेवून काम मिळे; कार्डामुळे त्याला थोडा आळा बसला. येथे हजेरीतून काम मिळत होते, निदान मिळण्याची शक्यता रोज खरी होती. मात्र ज्या बदलीला त्या सकाळी काम मिळाले नाही, तो रिकाम्या हाताने चाळीत परत जाई, आणि १९५३ च्या दुरुस्तीनेही वर्षाची सलग नोकरी भरलेली नसेल तर बदलीला ले-ऑफच्या भरपाईतून बाहेरच ठेवले. गोदीत याहून बरे झाले. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखाली नोंदणीची योजना आली आणि नोंदलेला कामगार हजर राहूनही जहाजावर काम नसेल, तर त्याला हजेरीचे पैसे मिळू लागले. येण्याची अट होती, पण येण्याचे दामही होते. पी. डिमेलोंच्या पिढीच्या गोदी कामगारांनी ते भांडून मिळवले होते.

या सगळ्यावरून गेटवर भांडताना आम्ही तीन प्रश्न विचारायला शिकलो. या हजेरीच्या ठिकाणी काम निघण्याची खरी शक्यता आहे काय? तीच माहिती माणसाला न हलवता मिळवता येते काय? आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो? पहिल्याला ‘नाही’, दुसऱ्याला ‘होय’ आणि तिसऱ्याला ‘बेकाराच्या’ असे उत्तर आले, की ती हजेरी चौकशीसाठी नसून गाळणीसाठी आहे असे आम्ही धरतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात हा प्रसंग आला. सकाळी सात ते सव्वासात एवढाच वेळ हजेरीचे रजिस्टर उघडे राही. लांबच्या गावांची पहिली एसटी गेटवर सात वीसला पोचे. पाच मिनिटांनी चुकलेल्यांचा रोजच खाडा लागू लागला, आणि पगाराच्या दिवशी कोणाच्या हातात चार दिवसांची भरपाई, कोणाच्या हातात सहा दिवसांची. पहिल्या बैठकीत अधिकारी कायद्याचे पुस्तक उघडून म्हणाले की नेमलेली वेळ आम्ही नेमली आहे. आम्ही तेच पान वाचून दाखवले. तेथे ‘नेहमीच्या कामाच्या वेळात’ असे होते, ‘पाळीच्या तोंडाला’ असे नव्हते. अकराही कामाचीच वेळ, आणि ती नेमायला कायद्याची ना नाही. शिवाय कामगाराला अधिक फायद्याचा करार करण्यालाही त्याची आडकाठी नव्हती. चार बैठका झाल्या. शेवटी ठरले ते असे: हजेरी सोमवारी आणि गुरुवारी, वेळ अकरा ते एक, त्या दोन दिवशी कंपनीची बस नेहमीच्या मार्गाने फिरेल, आणि बाकीच्या दिवशी काम निघाले तर पर्यवेक्षकाने आदल्या संध्याकाळी फोन करायचा. फोन न उचलल्यास खाडा धरायचा की नाही, यावर सर्वांत जास्त वाद झाला. एक फोन न उचलल्यास नाही, सकाळी दुसराही न उचलल्यास धरायचा, असे लिहून घेतले. तो ले-ऑफ पुढे अठरा दिवस चालला. त्यात दोनदा अचानक माल आला, दोन्ही वेळा संध्याकाळी फोन गेले, आणि पहिल्या पाळीची माणसे भोंग्याच्या आधी गेटवर होती.